गोव्यातलं ‘ते’ गवत नव्हे!

पापडीच्या बाजारात कोळंबीचा भाव ऐकून डोळे पांढरे होतात ना? मग कोळंबीच्या पाळणाघराशी ओळख करून घ्याच. समुद्रगवत! कोळंबी आणि कितीतरी माशांची पिल्लं यात लपून मोठी होतात. शेवाळ समजू नका हं. याला मुळं असतात आणि चक्क फुलंही येतात, तीही खाऱ्या पाण्यात.

यातल्या एकाचा पत्ता आपल्या लाडक्या गोव्यातला. हॅलोफिला बेकारी. (नाव बेकारी असलं तरी काम भरपूर!) पानं जेमतेम सेंटीमीटरभर, त्यामुळे ओहोटीला चिखलात पाय पडला तरी कळत नाही. मांडवीतल्या या गवतावर जगताप आणि उंटवाले या संशोधकांनी १९८१ सालीच शोधनिबंध लिहिला. आज जागतिक यादीत ते ‘असुरक्षित’ आहे.

गवताला हवा उजेड. वाळूउपसा, सांडपाणी, बांधकामाची माती यांनी पाणी गढूळ झालं की खेळ खलास. पण पावसाळ्यात खाडीचं पाणी तसंही चहासारखंच होतं. मग गवत तात्पुरतं विरळ झालंय की कायमचं गेलंय, हे ओळखायचं कसं? मोजूनच! दोरी ताणायची, ५० सेंटीमीटरची चौकट ठेवायची, आत किती टक्के हिरवं ते लिहायचं. तीच जागा, वर्षानुवर्षं. बोअरिंग आहे, मान्य. पण ऑस्ट्रेलियात १९९८ पासून ‘सीग्रास-वॉच’मध्ये हे काम साधे स्वयंसेवकही करतायत. डिग्री लागत नाही, लागतात फक्त चिखलात मळायला तयार असलेले बूट.