टिळकांचा ‘देवाचा दरबार’
ख्रिस्त हवा, पण चर्चची चौकट नको, अशांनी जायचं कुठे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये याला कृतीने उत्तर दिलं. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही इथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होतं. मला हे फार धैर्याचं वाटतं. बाप्तिस्मा म्हणजे जातीशी, कधी घराशीही ताटातूट. टिळकांनी ती स्वतः भोगली होती. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. टिळकांचे अभंग आजही मराठी चर्चमध्ये गायले जातात. दरबार मात्र १९१९ मध्ये टिळक गेल्यावर विरत गेला.