डिस्प्ले मॅनेजर

डिस्प्ले मॅनेजर अर्थात प्रवेश-व्यवस्थापक ही लिनक्स, बीएसडी आदी युनिक्स-सदृश संचालन प्रणालींतील एक आज्ञावली आहे. संगणक सुरू झाल्यावर वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा ती दाखवते आणि ओळख पटल्यावर निवडलेले डेस्कटॉप पर्यावरण सुरू करून देते. पटल, मेनू, खिडक्या, धारिका-व्यवस्थापक यांचा एकत्रित संच म्हणजे डेस्कटॉप पर्यावरण. प्रवेश-व्यवस्थापक हा घराचा दरवाजा मानला, तर डेस्कटॉप पर्यावरण हे आतील घर होय. दोन्ही स्वतंत्र असल्याने एक न बदलता दुसरे बदलता येते.

इतिहास

एक्स विंडो प्रणालीचा आरंभ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. तिच्यासाठी १९८८ मध्ये एक्सडीएम हा प्रवेश-व्यवस्थापक आला. केडीई (१९९६) व ग्नोम (१९९७) या प्रकल्पांनी पुढे अनुक्रमे केडीएम आणि जीडीएम हे आपापले व्यवस्थापक घडवले. केडीई प्लाझ्मा ५ पासून केडीएमची जागा एसडीडीएमने घेतली. उबुंटूने ११.१० या आवृत्तीत जीडीएम सोडून लाइटडीएम स्वीकारला आणि १७.१० मध्ये ग्नोमसह पुन्हा जीडीएमकडे वळणे पसंत केले.

डेस्कटॉप पर्यावरण बदलणे

नवे पर्यावरण स्थापित केल्यावर त्याची नोंद ‘एक्ससेशन्स’ किंवा ‘वेलँड-सेशन्स’ या निर्देशिकेत होते. या नोंदी वाचूनच प्रवेशाच्या पडद्यावरील निवडसूची तयार होते. त्यामुळे एकच पर्यावरण एक्स व वेलँड अशा दोन रूपांत सूचीत दिसू शकते. जीडीएममध्ये वापरकर्त्याचे नाव निवडल्यावर दातेरी चक्राच्या चिन्हाखाली ही सूची मिळते. जुन्या, कमी स्मृतीच्या संगणकावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही हलकी पर्यावरणे सोयीची ठरतात.

एकाच खात्यात अनेक पर्यावरणे वापरल्यास त्यांच्या मांडणीविषयक नोंदी एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून नवे पर्यावरण आधी वेगळ्या खात्यात वापरून पाहणे इष्ट. वापरकर्त्याच्या धारिका गृहनिर्देशिकेत असतात. पर्यावरण बदलल्याने त्या पुसल्या जात नाहीत.

प्रवेश-व्यवस्थापक बदलणे

संगणकावर अनेक प्रवेश-व्यवस्थापक स्थापित असले, तरी सामान्यतः त्यांपैकी एकच कार्यरत ठेवला जातो. डेबियन व उबुंटूमध्ये दुसरा स्थापित करताना मुख्य कोणता, असा प्रश्न विचारला जातो. हा निर्णय पुढे ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ या आज्ञेने बदलता येतो. फेडोरासारख्या प्रणालींत ‘सिस्टिमसीटीएल’ आज्ञेने जुना बंद करून नवा सक्षम करतात. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावा. चालू व्यवस्थापक मध्येच थांबवल्यास चित्रमय सत्र संपते व न जतन केलेले काम गमावले जाते.

अडचणी व उपाय

परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेशाचा पडदा पुन्हा पुन्हा येणे, ही नेहमीची अडचण आहे. तबकडी पूर्ण भरलेली असणे किंवा गृहनिर्देशिकेतील ‘एक्सऑथॉरिटी’ धारिकेची मालकी प्रशासक-खात्याकडे गेलेली असणे, ही त्याची दोन कारणे. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळी एकत्र दाबून बहुधा मजकुरी पडद्यावर जाता येते आणि तेथून दुरुस्ती करता येते. पडदा काळा राहिला म्हणजे सारी माहिती नष्ट झाली, असे समजून संपूर्ण प्रणाली पुन्हा स्थापित करण्याची घाई करू नये. तसेच नवा व्यवस्थापक नीट चालतो, याची खात्री होईपर्यंत जुना काढून टाकू नये.

भारतीय व मराठी संदर्भ

पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही डेबियनवर आधारित भारतीय प्रणाली आहे. त्यामुळे डेबियनची वर उल्लेखिलेली रचना तिलाही लागू पडते. ग्नोम व केडीई या दोहोंचे मराठीत भाषांतर झाले आहे. लाइटडीएमच्या काही प्रवेश-पडद्यांवर सत्राबरोबर भाषाही निवडता येते. मराठी भाषासंच आणि लोहितसारखा देवनागरी टंक स्थापित असल्यास मेनू व सूचना मराठीत दिसतात. मात्र भाषांतर न झालेला भाग इंग्रजीतच राहतो.