यंत्रे जातील, मजकूर राहावा

1971 च्या उत्तरार्धात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाचे तीन टंकलेखक आपले अर्ज संगणकावर लिहू लागले. त्यावरील ‘युनिक्स’ ही प्रणाली मूठभर संशोधकांनी रचली होती. मजकूर जुळवण्याची सोय करून देऊ, या वचनावर त्यांनी तो संगणक मिळविला होता. पुढे जगभर पसरलेल्या युनिक्सने आपले पहिले अन्न मिळविले ते कारकुनी कामावर, हे विसरता येत नाही.

त्या कामाची रीत साधी होती. मजकूर साध्या अक्षरांत लिहावयाचा आणि जुळाऱ्यासाठी हस्तलिखितावर खुणा कराव्यात तशा त्यातच सूचना घालावयाच्या. टिंबाने सुरू होणारी ओळ म्हणजे आज्ञा: येथे जागा सोडा, हे मधोमध घ्या. जोसेफ ओसाना यांनी 1973 मध्ये ‘ट्रॉफ’ हा कार्यक्रम एका प्रकाशजुळणी यंत्रासाठी लिहिला. कोष्टकांसाठी ‘टेबल’ आणि गणिती सूत्रांसाठी ‘इक्यूएन’ ही वेगळी साधने आली. एकाचे काम संपताच त्याचे फलित दुसऱ्याच्या हाती जाई. आज्ञांची ही साखळी एकदा फायलीत लिहून ठेवली की आकडे बदललेला शंभर पानी अहवालही एका शब्दानिशी पुन्हा जुळून येई.

या पद्धतीत उणिवा नाहीत असे नाही. लिहिताना पान कसे दिसेल ते कळत नाही, खुणा शिकाव्या लागतात आणि एखादी खूण चुकली तर पानच बिघडते. पडद्यावर पान जसेच्या तसे दाखविणारे कार्यक्रम लोकप्रिय झाले, ते उगीच नव्हे. परंतु ओसाना 1977 मध्ये निवर्तले आणि ते यंत्रही कालबाह्य ठरले, तरी मजकूर बुडाला नाही. ब्रायन कर्निघन यांनी ट्रॉफला त्या एका यंत्राच्या दावणीतून सोडविले. 1990 मध्ये जेम्स क्लार्क यांनी त्याची मुक्त आवृत्ती दिली. युनिक्स परंपरेतील प्रणालींची माहितीपत्रके आजही त्याच वळणाच्या खुणांनी लिहिली जातात.

मराठीच्या वाट्याला नेमके उलटे आले. 1991 मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. पण त्यानंतरही कित्येक वर्षे कचेऱ्यांत आणि छापखान्यांत निरनिराळ्या संकेतांच्या टंकांत मराठी लिहिली गेली. तो टंक हाताशी नसला की इतिवृत्ते आणि प्रश्नपत्रिका पडद्यावर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन उभ्या राहतात. कागद शाबूत असतो; त्याची संगणकावरील मूळ प्रत मात्र मुकी होते.

सर्वांनी ट्रॉफ शिकावे, असा याचा अर्थ नव्हे. लिहिलेले आणि त्याची सजावट या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्यात आणि मूळ मजकूर कोणत्याही यंत्राला वाचता येईल अशा साध्या रूपात जपावा, एवढा विवेक पुरेसा आहे. सजावट पुन्हा करता येते. हरवलेला मजकूर पुन्हा लिहावयास त्याचा लेखक हयात असेलच असे नाही.