कणा आहे का, ते आधी पाहा!



गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या मोरीच्या तोंडाशी पोरांचा गलका झाला, "सापाचं पिल्लू! सापाचं पिल्लू!" एकाने तर दगडही उचलला. आम्ही त्याला थांबवले आणि तो वळवळणारा जीव वहीच्या पुठ्ठ्यावर घेतला. अंग चकचकीत, बारीक खवल्यांचे. मधूनच इवलीशी जीभ बाहेर येई. म्हणजे पोरांचे म्हणणे निम्मे खरे होते. तो साप होता, पण पिल्लू नव्हे. तो होता पुरता वाढलेला वाळा. हा बिनविषारी साप वीतभरही भरत नाही. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या हेच त्याचे खाणे. त्याला मारण्याचे काहीच कारण नव्हते.

शेजारीच एक गांडूळ होते. दुरून दोघे भाऊ-भाऊ वाटावेत! पण गांडुळाच्या अंगावर खवले नव्हते, एकाला एक लागून वलये होती. त्वचा ओलसर. डोळे नाहीत, जीभ बाहेर येत नाही. खरा फरक तर आत असतो. वाळ्याच्या पाठीत मणक्यांची माळ असते. गांडुळात हाडाचा कणभर तुकडा सापडणार नाही. म्हणून वाळा बेडूक, कावळा आणि तुमच्या-आमच्या पंक्तीला बसतो, तर गांडूळ अपृष्ठवंशीय ठरते. जगातल्या ज्ञात प्राणिजातींपैकी शंभरात ९५ हून अधिक जाती या बिनकण्याच्याच आहेत.

मग हाडांशिवाय गांडूळ पुढे सरकते कसे? त्याच्या शरीरात द्रव भरलेला असतो. स्नायू आवळले की शरीर लांबते, दुसरे स्नायू आवळले की आखडते. वलयांवरचे बारीक ताठ केस मातीत रुतून पकड धरतात. ओले बोट त्याच्या पोटाकडून हळूच फिरवून पाहा, खरखर लागेल. पाहून झाले की त्याला लगेच मातीत सोडा. ते ओल्या त्वचेनेच श्वास घेते, त्वचा वाळली की मरते.

आता एक इशारा. नावांवर जाऊ नका. तारामासा मासा नव्हे आणि गोगलगाय गाय नव्हे, हे सांगायला नको. मात्र 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण शास्त्राला धरून आहे. तिच्या पोटाखालचा मांसल भाग हाच तिचा पाय. तिच्या वर्गाचे नावच मुळी उदरपाद! तिचा शंख चुन्याचा असतो, ते हाड नव्हे.

खेकड्याच्या बाबतीत मात्र बरीच मुले फसतात. "खेकडा टणक असतो, म्हणून तो पृष्ठवंशीय" असे उत्तर आम्ही वह्यांतून कितीदा तरी वाचले आहे. अरे, ते टणकपण बाहेरचे! आत कणा नाही. ते कवच अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून खेकड्याला ते अधूनमधून टाकावे लागते. नवे कवच घट्ट होईपर्यंत तो मऊ असतो आणि दडून बसतो. कोळंबी त्याचीच नातेवाईक. आई कोळंबी साफ करताना पाठीतून काळा दोरा ओढून काढते ना? तो कणा नव्हे, ते तिचे आतडे. तिची मज्जारज्जू तर पोटाच्या बाजूने जाते, आपल्या अगदी उलट.

संधिपादांत पाय मोजले की बरेच काम होते. झुरळाला ६, कोळ्याला ८, खेकड्याला नांग्या धरून १०. कोळी कीटक नाही, हे यावरूनच कळते.

काही बिनकण्याचे प्राणी तर आपल्याच पोटात राहतात. अंकुशकृमीची अंडी उघड्यावरच्या विष्ठेतून मातीत येतात आणि त्यातून निघालेल्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. पुढे हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, पोर फिकट पडते, वर्गात पेंगते. तेव्हा पायांत चप्पल हवीच. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी शाळेत मिळाली की ती खिशात ठेवू नका, बाईंसमोर चावून खा.

एक काम देतो. बोंबील इतका मऊ की हातात धरवत नाही. त्याला कोणत्या गटात टाकाल? येत्या रविवारी घरी ओले बोंबील आले तर आईला सांगून एक उभा चिरून घ्या आणि त्याच्या पाठीतला काटा शोधा.