भोंगा वाजला, आता गाडीचं काय करायचं?

मागच्या वेळी आपण धोका आणि जबाबदारी यांचा विचार केला. आज तोच प्रश्न एका प्रत्यक्ष उदाहरणातून बघू या: दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटनची रेल्वे.

हवाई हल्ल्यापासून बचावाची काही साधी कामं होती. डब्यांत मंद निळे दिवे, खिडक्यांना पडदे, फलाटाच्या कडेला पांढरा पट्टा. इंजिनाच्या भट्टीचा उजेड वरून दिसू नये म्हणून ताडपत्री. यात वाद नाही. अवघड प्रश्न भोंगा वाजल्यावरचा.

सुरुवातीचा नियम असा: गाडी स्टेशनात थांबवायची, ज्यांना आसरा घ्यायचाय त्यांना उतरू द्यायचं, मग प्रवासी गाडी ताशी 15 मैलांनी पुढे न्यायची. इतकी हळू का? पुढचा रूळ उखडलेला असेल, तर अंधारात तो दिसल्यावर गाडी थांबायला हवी ना!

पण सप्टेंबर 1940 पासून लंडनवर जवळजवळ रोज रात्री हल्ले होऊ लागले. इशारा तासन्‌तास चालू राही. गाड्या तुंबल्या, कामगार आणि कोळसा वेळेवर पोचेना. म्हणजे बघा, बॉम्ब न पडताही शत्रूचं काम होत होतं. शेवटी मर्यादा 25 मैलांपर्यंत वाढवली. धोका वाढतो हे माहीत असूनच वाढवली.

दुरुस्तीतही हाच विचार दिसतो. रूळ, स्लीपर, लाकडी तुळया आधीच साठवलेल्या असत. भरावावर खड्डा पडला, की तो बुजवायचा, खडी टाकायची, रूळ जोडायचे आणि पहिली गाडी अगदी सावकाश सोडायची. पक्कं काम नंतर. विटांच्या कमानींचं मात्र तसं नव्हतं. एक कमान शेजारच्या कमानीचा रेटा तोलते, त्यामुळे आधी टेकू द्यावे लागतात. 7 सप्टेंबरला वॉटर्लूबाहेरच्या कमानींचं मोठं नुकसान झालं, तेव्हा ते टर्मिनस काही दिवस बंद पडलं.

आता आपला प्रश्न. वेग वाढवायचा निर्णय कार्यालयात झाला. इंजिनावर उभा होता ड्रायव्हर, आणि केबिनमध्ये बसून होता सिग्नलमन. अशा निर्णयाला न्याय्य कधी म्हणायचं? आम्हाला वाटतं, निदान दोन गोष्टी हव्यात. धोका ज्याच्या वाट्याला येतो त्याला त्याचं कारण कळलं पाहिजे, आणि त्याच्या बचावासाठी शक्य ते केलं पाहिजे. सिग्नल केबिनमध्ये एका माणसापुरते पोलादी आसरे बसवले गेले, ते याचसाठी. एवढं पुरेसं होतं का, यावर तुम्ही विचार करा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.