विमानाच्या मॉडेलच्या कॅनॉपीवरची मधली रेघ: ती का येते आणि कशी काढायची?

सुखोई-३० चं किट उघडलं, कॅनॉपी उजेडात धरली, आणि बरोब्बर मधोमध पुढून मागे गेलेली एक बारीक रेघ दिसली. भारतीय हवाई दलाची यातली बरीचशी विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. त्यांच्या काचेवर अशी रेघ नसते. मग आपलं किट खराब निघालं का? नाही. उलट अशी रेघ असणं बहुतेकदा चांगलं लक्षण आहे.

मोदकाचा साचा आठवा. तो दोन बाजूंना उघडतो आणि मोदकावर जोडाची रेघ राहते. किटचे भागही साच्यातच बनतात, फक्त तिथे वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरतात. कॅनॉपी वर निमुळती आणि खाली रुंद असेल तर बाहेरचा साचा सरळ वर उचलता येतो, रेघ येत नाही. पण सुखोई किंवा एफ-१६ ची कॅनॉपी मध्ये फुगलेली आणि खाली किंचित आत वळलेली असते. साचा वर ओढला तर तो त्या फुगवट्यावर अडकेल. म्हणून बाहेरचा साचा डावा आणि उजवा असा दोन भागांचा करतात. ते जिथे मिळतात तिथे ही रेघ उमटते. आतला साचा एकसंध असतो, त्यामुळे आतून रेघ नसते. जुन्या किट्समध्ये ही कटकट टाळायला कॅनॉपीच्या बाजू सरळ करून टाकायचे. रेघ नाही, पण आकारही चुकीचा.

आता काढायची कशी? घासून. आणि इथेच बहुतेक जण घाबरतात, कारण पहिल्या दोन मिनिटांत काच बाथरूमच्या खिडकीसारखी दुधी होते. प्लॅस्टिक कुठेही खराब झालेलं नसतं. पृष्ठभागावर हजारो ओरखडे पडलेले असतात आणि प्रत्येक ओरखडा प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन. २००० नंबरच्या वॉटर पेपरचे कण जवळपास १० मायक्रॉनचे. ओरखडे तरंगलांबीपेक्षा बारीक होईपर्यंत घासत गेलं, की काच पुन्हा पारदर्शक होते. म्हणजे प्रत्येक नंबरच्या कागदाचं काम एकच: आधीच्या कागदाचे ओरखडे पुसणं. मधला नंबर गाळला, तर आधीचे खोल ओरखडे तसेच राहतात आणि शेवटी कितीही पॉलिश केलं तरी जात नाहीत.

सुरुवातीला नख फिरवून बघा. रेघ नखाला लागत असेल तर नवीन ब्लेड पृष्ठभागाला काटकोनात धरून अगदी हलक्या हाताने दोन-तीनदा खरवडा. लागत नसेल तर ब्लेड नकोच. जवळच्या फ्रेमच्या उठावदार पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा, नाहीतर रेघेबरोबर त्याही जातील. मग १०००, १५००, २०००, ३००० असे वॉटर पेपर, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून. हॉबीच्या दुकानात नाही मिळाले तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात विचारा. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला: आधी आडवं, मग उभं. आडव्या रेघा पूर्ण गेल्या म्हणजे तो नंबर संपला. त्यापुढे १२००० पर्यंतचे मायक्रो-मेश कापड मिळत असेल तर उत्तम. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड आणि चष्मा पुसायचं मऊ कापड. कंपाउंड नसेल तर साधी पांढरी टूथपेस्टही चालते, जेल नको.

एक फसगत मात्र सगळ्यांची होते. ओली कॅनॉपी एकदम स्वच्छ दिसते, आपण खूश होतो, आणि वाळली की पुन्हा धुरकट. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक सुमारे १.५९, हवेचा १, पाण्याचा १.३३. ओरखड्यांत हवेऐवजी पाणी बसलं की फरक कमी होतो आणि प्रकाश कमी विखुरतो. म्हणून तपासायचं ते पुसून, वाळवून. पण हीच गोष्ट आपल्या फायद्याचीही आहे. पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचा अपवर्तनांक १.४९ च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षाही जवळ, आणि ते उडूनही जात नाही. त्यामुळे शेवटी कॅनॉपी त्यात बुडवून काढली की उरलेले बारीक ओरखडे भरून निघतात. परदेशातले मॉडेलवाले यासाठी वर्षानुवर्षं चक्क फरशीचं ॲक्रिलिक पॉलिश वापरत आले. खोल ओरखडे मात्र वार्निशने लपत नाहीत.

माझी पहिली कॅनॉपी रेघेने नाही, माझ्या अंगठ्याने मेली. पारदर्शक पॉलिस्टायरीन किटच्या करड्या प्लॅस्टिकपेक्षा ठिसूळ असतं, आणि मी पोकळ कॅनॉपी वरून दाबत घासत होतो. टिचकन आवाज आला, संपलं. खोक्यात दुसरी नसते. तेव्हापासून आत ब्लू-टॅकसारखी माती भरून, खालून आधार देऊनच घासतो. मोटरवर चालणारं रोटरी टूल तर लांबच ठेवा. उष्णतेने प्लॅस्टिक वितळतं आणि तो डाग घासून जात नाही.

नवी मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक भानगड. थिनरवाली लॅकर दमट हवेत फवारली की पांढरी पडते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. जून ते सप्टेंबर मी पाण्यावर आधारित ॲक्रिलिकच वापरतो. बुडवून काढल्यावर कॅनॉपीची कड टिश्यू पेपरला टेकवली की जादाचं वार्निश शोषलं जातं. मग वर डबा पालथा घालायचा, नाहीतर धूळ चिकटलीच. मास्किंग टेप लावायची घाई दोन-तीन दिवस करू नका. चिकटवताना फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वापरा. सुपरग्लूच्या वाफेने काच आतून धुरकट होते, आणि तिथे हात पोचत नाही.

हो, आणि घासायच्या आधी खऱ्या विमानाचे फोटो बघून घ्या. सूर्यकिरण पथकाच्या हॉक विमानाच्या काचेत खरंच एक वेडीवाकडी रेघ असते. ती स्फोटक दोरी आहे: वैमानिक सीटसकट बाहेर पडताना ती काच फोडते. किटमध्ये ती कोरलेली असेल तर तिला हात लावू नका.