सुरगाठ

झेंडा बांधायला मी बाबांकडून शिकले. धुतलेली चादर अंथरायची, तिच्यावर झेंडा पसरायचा, केशरी पट्टा वरच्या बाजूला आहे ना ते दोनदा बघायचं. मग घड्या घालायच्या, घडीत मूठभर झेंडूच्या पाकळ्या ठेवायच्या आणि दोरीचा शेवटचा पेच असा द्यायचा, की खालून हिसका बसताच सगळं मोकळं व्हावं. "सुरगाठ, निरगाठ नव्हे," असं बाबा दर वेळी बजावत.

नागपूरच्या एका शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी हे काम माझ्याकडेच असे. एका वर्षी नेमकी मी तापाने घरी होते आणि गाठ दुसऱ्या कुणीतरी मारली. सकाळी पाहुण्यांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, पण झेंडा काठीच्या टोकाला गाठोड्यासारखा तसाच. अख्खी शाळा माना वर करून उभी. शेवटी तो खाली उतरवून निरगाठ सोडावी लागली. मला रडू आलं. त्याच दिवशी सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, झेंड्याचा स्वतःचा दिवस कधी असतो?"

सरळ उत्तर आहे २२ जुलै. १९४७ साली या तारखेला दिल्लीत घटना समितीपुढे पंडित नेहरूंनी तिरंग्याचा ठराव मांडला. त्यांनी दोन झेंडे सोबत आणले होते, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. चरख्याच्या जागी अशोकाचं चक्र आलं ते त्याच दिवशी. त्यामागे एक साधी व्यवहाराची अडचणही नेहरूंनी सांगितली. चरख्याचं चाक एका बाजूला आणि चाती दुसऱ्या बाजूला असते, त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजूंनी चित्र सारखं दिसत नाही. चक्र मात्र कुठूनही बघा, तेच. आज हा दिवस राष्ट्रध्वज दिन म्हणून पाळतात, पण त्याची सुट्टी नसते. ७ डिसेंबरला शाळेत छोटे झेंडे देऊन पैसे गोळा करतात तो सशस्त्र सेना ध्वजदिन. तो १९४९ पासूनचा, जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचा. तो वेगळा.

पण नागपुरात राहून मुलींना एवढंच सांगून थांबणं मला जमत नसे. कारण 'झेंडा दिन' हे शब्द १९४७ च्या चोवीस वर्षं आधी आमच्याच शहरात घुमले होते.

१९२३ साल. गांधीजी तुरुंगात होते. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती १८ मार्च १९२२ ला, म्हणून दर महिन्याची १८ तारीख लोक गांधी दिन म्हणून पाळत. बरोबर वर्षाने, १८ मार्च १९२३ ला, जबलपूरच्या टाउन हॉलवर पंडित सुंदरलाल आणि त्यांच्या सोबत्यांनी झेंडा लावला आणि सुंदरलालांना सहा महिन्यांची कैद झाली. मग १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंड्याची मिरवणूक निघाली. ती सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर पोलिसांनी मारहाण करून अडवली. सिव्हिल लाइन्स म्हणजे साहेबांची वस्ती. तिथून झेंडा न्यायचा नाही, असा १४४ कलमाखाली हुकूम निघाला आणि १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला.

त्यात मागणी एवढीच होती, की हातात झेंडा धरून सरकारी रस्त्यावरून चालू द्या. तो झेंडाही आजचा नव्हे. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. रोज एक तुकडी निघायची, हुकूम मोडायची आणि पकडली जायची. वर्ध्याचे जमनालाल बजाज पुढारी होते. त्यांना १७ जूनला अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, झेंडा दिन पाळला गेला. जमनालालजींना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंडापोटी सरकारने त्यांची मोटार जप्त केली, पण नागपुरात लिलावाला बोली लावायला कुणी पुढे येईना. अखेर ती काठेवाडात पाठवावी लागली. नागपूरकर म्हणून मला या मोटारीचा फार अभिमान वाटतो.

हजारावर माणसं तुरुंगात गेली. गुजरात, बिहार, कर्नाटक, मद्रासकडची माणसं रेल्वेने नागपूरला उतरत ती पकडली जाण्यासाठीच. विनोबाही त्यांत होते. त्यांना पुढे अकोल्याच्या तुरुंगात हलवलं. नंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हातात घेतली. १८ ऑगस्टला सत्याग्रहींची मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून पार गेली, कुणी अडवली नाही. पुढे थोड्याच दिवसांत कैदीही सुटले.

तुरुंगातल्या हालांनी बऱ्याच जणांनी माफी लिहून दिली होती. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि त्यांचे स्वयंसेवक मात्र बधले नाहीत. म्हणूनच त्या डिसेंबरात काकीनाडा काँग्रेसमध्ये हिंदुस्तानी सेवा दल उभं करण्याचं काम हर्डीकरांकडे आलं. या दलाने पुढे एक रीत घालून दिली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता, जिथे असाल तिथे, झेंडावंदन करायचं. १९३१ च्या ऑगस्टात काँग्रेसच्या मुंबईतल्या बैठकीत केशरी-पांढरा-हिरवा तिरंगा ठरला. त्यासाठी नेमलेल्या समितीने खरं तर एकरंगी केशरी झेंडा सुचवला होता. तो मान्य झाला नाही. रंग धर्मांचे नव्हेत, गुणांचे, हेही ठरावातच लिहिलं. नवा झेंडा देशभर लावायचा दिवस ठरला ३० ऑगस्ट. तो झेंडा दिनही महिन्याचा शेवटचा रविवारच होता.

बाबांचा जन्म १९२२ चा, वर्ध्याजवळच्या खेड्यातला. सुरगाठ ते शिकले ती याच रविवारच्या झेंडावंदनात, पोरवयात. स्वातंत्र्यानंतर ती गाठ घरी बांधायची सोय राहिली नाही. नियम असा होता, की सामान्य माणसाने घरावर राष्ट्रध्वज लावायचा तो २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच. नवी ध्वजसंहिता आली २६ जानेवारी २००२ ला आणि वर्षातल्या कुठल्याही दिवशी घरावर झेंडा लावायची मोकळीक मिळाली.

बाबा तेव्हा ऐंशीचे होते. शनिवारी, २६ तारखेला, आम्ही गच्चीवर नेहमीसारखा झेंडा लावला आणि सूर्यास्ताला उतरवला. झपाट्याने चढवायचा, सावकाश उतरवायचा. मी तो घडी घालून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे. एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात दोरी.

"बाबा, २६ जानेवारी काल झाली," मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "आज शेवटचा रविवार. आठ वाजायला किती आहेत?"

दहा मिनिटं होती. त्यांच्या डोळ्यांना तेव्हा नीट दिसत नव्हतं. गाठ त्यांनी बोटांनी चाचपून बांधली.